छोटा ट्रॅक्टर ट्रेलरवर बांधताना साखळी कुठून कुठे जाते ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: २५ अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर, पुढे लोडर (बकेट उचलणारे हात), मागे रोटाव्हेटर. न्यायचा दोन अ‍ॅक्सलच्या सपाट ट्रेलरवर, ओढायला पिकअप. बॉनेटवरून एक आणि सीटच्या मागून एक असे दोन रॅचेट पट्टे (दांडा हलवून आवळायचे कापडी पट्टे) आडवे टाकून करकचून आवळले तर पुरे का? की साखळ्याच हव्यात, आणि हव्या असतील तर त्या ट्रॅक्टरला अडकवायच्या कुठे?

पुरे नाही. पण त्याचं कारण पट्टा कमजोर असतो हे नव्हे. वरून आडवा टाकलेला पट्टा ट्रॅक्टरला फक्त खाली दाबतो, आणि ट्रॅक्टर काही वर उडायला निघालेला नसतो. ब्रेक लागला की तो पुढे निघतो, वळणावर बाजूला निघतो, चढावर पिकअपने हिसका मारला की मागे निघतो. त्या त्या दिशेला त्याला अडवणारं काहीतरी हवं. कुणी बांधलेला ट्रॅक्टर बघायला बोलावलं, तर मी साखळ्या हलवून घट्टपणा नंतर बघतो. आधी प्रत्येक साखळी कुठून निघाली आणि कोणत्या दिशेला गेली ते बघतो.

आकड्यांत मांडलं की हे लगेच पटतं. अमेरिका आणि युरोप, दोन्हीकडच्या नियमांत बांधणीने किती जोर सोसायला हवा याचे आकडे सारखेच आहेत: पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या ०.८ पट, बाजूंना आणि मागे ०.५ पट. तुमचा ट्रॅक्टर लोडर-रोटाव्हेटरसकट १,३०० किलो धरू. म्हणजे जोरात ब्रेक लागल्यावर तो १,०४० किलोच्या जोराने पुढे जाऊ बघणार, आणि वळणावर ६५० किलोच्या जोराने बाजूला.

आता तुमचे दोन आडवे पट्टे. हाताने आवळलेल्या साध्या पट्ट्यात ३०० किलोच्या आसपास ताण येतो. दोन्ही बाजू मिळून ६०० किलोचा दाब. धुळकट, ओलसर फळ्यांवर रबराचं घर्षण ०.३ धरलं तर एका पट्ट्यामुळे मिळालेली अडवणूक १८० किलो, दोन पट्ट्यांची ३६०. ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनामुळे मिळणारं घर्षण ३९० किलो. झाले ७५०. हवे होते १,०४०. तेही पट्टा सपाट, कडक मालावरून गेलाय असं समजून. इथे तो बॉनेटच्या पत्र्यावरून जातोय, आणि खाली हवा भरलेली चार चाकं आहेत. पहिल्या खड्ड्यात चाकं दबली की पट्टा सैल पडतो आणि सगळा हिशेबच संपतो.

उलट, चार कोपऱ्यांना चार साखळ्या थेट ओढून बांधल्या तर त्या घर्षणाच्या भरवशावर राहत नाहीत. साखळी जमिनीशी ४५ अंशांचा कोन करत असेल आणि वरून बघितल्यावर ३० अंश बाहेरच्या बाजूला फाकलेली असेल, तर तिच्या ताकदीचा साधारण ०.६ भाग पुढे-मागे अडवायला कामी येतो, बाकीचा खाली दाबायला आणि बाजूला धरायला. पाव इंची ग्रेड ७० (वाहतुकीसाठीच्या मजबूत प्रतीच्या) साखळीची सुरक्षित भारमर्यादा १,४३० किलो असते. अशा दोन साखळ्या मागच्या दिशेला गेलेल्या असतील, तर घर्षण न धरताही १,७०० किलोच्या वर अडवणूक मिळते. कोन जितका उभा होत जाईल तितका हा आकडा घसरतो. म्हणून अडकवायची जागा ट्रॅक्टरवर शक्य तितकी खाली आणि ट्रेलरवर शक्य तितकी लांब.

यात एक गोष्ट फार लोक उलटी करतात. सगळ्यात जाड साखळी ते पुढे बांधतात, कारण ‘ब्रेक लागल्यावर जोर पुढे येतो’. जोर पुढे येतो हे बरोबर, पण ट्रॅक्टरच्या नाकापासून ट्रेलरच्या पुढच्या कोपऱ्याकडे गेलेली साखळी ट्रॅक्टर पुढे सरकला की ढिली पडते. तिचं काम त्याला मागे जाऊ न देणं. पुढे जाण्यापासून त्याला धरतात त्या मागच्या दिशेला गेलेल्या साखळ्या. तेव्हा जाड, नवी, खात्रीची जोडी मागे. ट्रेलरला पुढे भक्कम फळका असेल आणि ट्रॅक्टरची पुढची चाकं किंवा बकेट त्याला टेकवता येत असेल, तर तो आधार फुकटचा आहे, घ्या. मात्र त्यासाठी वजनाचा तोल बिघडवू नका. तो कसा बघायचा ते खाली सांगतो.

चार साखळ्या म्हणजे चार वेगळ्या साखळ्या. एकच लांब साखळी ड्रॉबारमधून (ट्रॅक्टरच्या मागच्या ओढायच्या दांडीतून) ओवून दोन्ही कोपऱ्यांना नेली आणि एकाच बाइंडरने (साखळी आवळायच्या साधनाने) आवळली तर ती एकच बांधणी. एक कडी सुटली की दोन्ही बाजू गेल्या.

ट्रॅक्टरवर अडकवायच्या जागा. मागे: ड्रॉबार किंवा त्याचा चौकटीचा कंस, नाहीतर मागच्या अ‍ॅक्सलचं ओतीव घर. पुढे: अ‍ॅक्सल ज्यावर बसतो तो ओतीव कंस, पुढच्या वजनांची चौकट, किंवा कंपनीने दिलेला ओढायचा हूक. काही ट्रॅक्टरवर बांधणीच्या जागांना साखळीचं चित्र असलेली खूण असते. ती असेल तर विचार संपला, तिथेच बांधा. कुठे बांधू नये याची यादी जास्त महत्त्वाची, कारण तिथे हूक अगदी सहज बसतो. टाय रॉड (पुढची चाकं वळवणारी दांडी), स्टिअरिंगचा सिलिंडर, पायरी, रोल बार (ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी कमान), लोडरचे हात, थ्री-पॉइंट लिंकेजच्या (मागचं अवजार उचलणाऱ्या जोडणीच्या) खालच्या दांड्या, पीटीओ शाफ्ट (अवजार फिरवणारा दांडा): यातलं काहीही चालत नाही. लोडरचे हात आणि लिंकेजच्या दांड्या हायड्रॉलिक तेलावर उभ्या असतात. तेल हळूहळू उतरतं, दांडी खाली येते आणि तिला बांधलेली साखळी ढिली होते. टाय रॉडची गोष्ट वेगळी. तो मुक्कामावर पोहोचेपर्यंत टिकतो, वाकलेला मात्र नंतर शेतात कळतो.

साखळी आणि होज (तेलाची रबरी नळी) एकमेकांना टेकत नाहीत ना, हे वाकून बघा. उभ्याने दिसत नाही.

साखळी विकत घेताना कड्यांवरचा ठसा वाचा. ७, ७० किंवा ७०० असं लिहिलेलं असेल तर ती वाहतुकीसाठीची ग्रेड ७०. तिच्यात ५/१६ इंचीची मर्यादा २,१३० किलो, ३/८ इंचीची २,९९० किलो. ठसाच नसलेली साखळी अमेरिकी नियम ग्रेड ३० ची धरतात, म्हणजे पाव इंचीला जेमतेम ५८० किलो. दिसायला दोन्ही सारख्याच. ताणून लांबट झालेली, खाच पडलेली, वेल्डिंगने सांधलेली किंवा नट-बोल्टने जोडलेली कडी असेल तर ती साखळी या कामातून बाद. हूक, बाइंडर, ट्रेलरवरची डी-रिंग (बांधायची लोखंडी कडी), सगळ्यांना आपापली मर्यादा असते, आणि अख्ख्या बांधणीची मर्यादा त्यातल्या सगळ्यात लहान आकड्याइतकीच. पातळ पत्र्यावर दोन टाके मारून बसवलेल्या डी-रिंगला जाड साखळी बांधून काही मिळत नाही.

पट्टेच वापरायचे असतील तर ते या वजनाला चालतात, पण साखळ्यांसारखेच चार दिशांना थेट ओढून. ५० मिलिमीटर रुंद चांगल्या पट्ट्याची मर्यादा साधारण १,५०० किलो असते; २५ मिलिमीटरचे बहुतेक ५०० किलोच्या आसपास, ते घरगुती सामानाला ठीक. पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा बहुधा तुटण्याचा असतो; कामाची मर्यादा त्याच्या एक तृतीयांश, आणि ती पट्ट्याला शिवलेल्या चिठ्ठीवर बारीक अक्षरांत सापडते. चिठ्ठीच नसेल तर तो पट्टा ताडपत्री बांधायला ठेवा. ट्रॅक्टरला धारदार ओतीव कडा आणि तापलेला सायलेन्सर असतो, म्हणून मी यंत्राला साखळी आणि अवजाराला पट्टा असं करतो. पट्टा कडेवरून जात असेल तर खाली जाड रबर किंवा कातडं घाला. रॅचेटच्या दांड्यावर पट्ट्याचे निदान दोन आणि फार तर तीन वेढे बसू द्या. पट्ट्याला गाठ मारली की त्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते. नायलॉनचा दोर तर नकोच. तो ताणला जातो, आणि ताणला गेलेला दोर म्हणजे ट्रॅक्टरला मिळालेली धाव.

हे सगळं बांधायच्या आधीचं काम म्हणजे वजन. माहितीपत्रकातला आकडा नुसत्या ट्रॅक्टरचा असतो. या वर्गातले ट्रॅक्टर ६०० ते ९०० किलोंचे; लोडर, रोटाव्हेटर, टाकीतलं डिझेल धरलं की गाडी १,३०० वर सहज जाते. मागच्या चाकांत पाणी भरलेलं असेल तर चाकाच्या मापाप्रमाणे आणखी शंभर-दीडशे किलो. त्यात ट्रेलरचं स्वतःचं वजन मिळवा आणि मग ट्रेलरची व पिकअपची मर्यादा बघा. अंदाज करण्यापेक्षा एकदा वजनकाट्यावर जाऊन या.

काट्यावर गेलातच तर तोलही मोजून घ्या. ट्रेलर सोडून फक्त त्याचं पुढचं टेकणीचं चाक काट्यावर ठेवा. जो आकडा येईल तो जोडणीवर पडणारा भार. पिकअपमागे गोळ्याच्या जोडणीवर ओढायच्या ट्रेलरला भरल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढे असावा असं धरतात. ट्रेलर ६०० किलोचा आणि माल १,३०० किलोचा, तर १९० ते २८५ किलो. तुमच्या गाडीच्या किंवा जोडणीच्या पाटीवर याहून कमी मर्यादा लिहिली असेल, तर पाटी खरी. बैलगाडी उलाळ झाली की जू वर जातं, तसं इथे मागे वजन जास्त झालं की जोडणीवरचा भार हलका होतो, आणि वेग वाढला की ट्रेलर शेपटीसारखा डुलायला लागतो. डुलायला लागलाच तर जोरात ब्रेक मारू नका आणि स्टिअरिंगने त्याच्याशी झटापट करू नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा. ट्रेलरचे ब्रेक गाडीतून वेगळे दाबता येत असतील तर तेवढेच दाबा. मग थांबून ट्रॅक्टर थोडा पुढे घ्या. बरोबर जागा एकदा सापडली की ट्रेलरच्या फळीवर रंगाने खूण करून ठेवा. पुढच्या वेळी रोटाव्हेटर काढलेला असेल तर ती खूण चालणार नाही, एवढं लक्षात असू द्या.

ट्रॅक्टर चढवताना बांधणीपेक्षा जास्त लोक जखमी होऊ शकतात, म्हणून थोडं थांबून सांगतो. ट्रॅक्टर ट्रेलरच्या मागच्या टोकावर आला की ते टोक खाली जातं आणि पुढे जोडणी पिकअपची मागची बाजू वर उचलते. पिकअपचा हँडब्रेक बहुतेक मागच्याच चाकांवर असतो. ती चाकं हलकी झाली की पिकअप, ट्रेलर आणि रॅम्पवर अर्धा चढलेला ट्रॅक्टर अशी सगळी वरात उताराला लागते. उपाय सोपा आहे: सपाट जागा, ट्रेलरच्या मागच्या टोकाखाली टेकणी किंवा लाकडी ठोकळे, आणि पिकअपच्या पुढच्या चाकांना उट्या. सुट्या रॅम्पचं वरचं टोक ट्रेलरला पिनने किंवा साखळीने अडकवलेलं हवं, कारण फिरणारं चाक रॅम्पला मागे ढकलतं. फळ्यांवरचा चिखल आणि तेल झाडून घ्या. चाकांचाही चिखल काढा.

छोट्या ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतील तर दोन्ही पेडल खिटीने जोडा. रॅम्पवर एकच ब्रेक लागला तर ट्रॅक्टर जागच्या जागी वळतो. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर ते लावा. बऱ्याच ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या चाकांवर असतात. उतरताना ती चाकं हलकी पडली की ब्रेक असून उपयोग नसतो, फोर व्हीलमुळे पुढची चाकंही धरतात. सगळ्यात खालचा गिअर, मधेच क्लच दाबायचा नाही, गिअर बदलायचा नाही. रोल बार उभा आणि सीटबेल्ट लावलेला.

पुढून चढवायचा की मागून? तुमच्या ट्रॅक्टरला पुढे लोडर आहे, म्हणून पुढून चढवा, बकेट रॅम्पला लागणार नाही इतपतच उचलून. लोडर नसता आणि मागे रोटाव्हेटर असता, तर मी रिव्हर्सनेच चढवला असता. हलकं नाक चढावर उचललं जाऊन ट्रॅक्टर मागे उलटतो, आणि ते घडायला एक क्षण पुरतो. रिव्हर्सने चढवला की जड मागची बाजू पिकअपकडे येते, तेव्हा उभं करायची जागा थोडी मागे सरकते. रॅम्पच्या पायथ्याशी रोटाव्हेटर जमिनीला घासतो आणि पोटाखाली गवत कापायची यंत्रणा असेल तर ती माथ्यावर टेकते, या दोन जागांवर कुणाला तरी बाजूला उभं करून बघायला सांगा. बाजूला. मागे नाही.

ट्रॅक्टर खुणेवर आला की हँडब्रेक, खालचा गिअर, इंजिन बंद, चावी खिशात. बकेट फळीवर पूर्ण टेकवा. रोटाव्हेटरही टेकवा. साखळ्या आवळून झाल्या की लोडर आणि रोटाव्हेटर प्रत्येकी एका वेगळ्या पट्ट्याने ट्रेलरला बांधा. ट्रॅक्टरच्या चार साखळ्यांत यांची गणती नाही. मागे खोदकामाचा हात असलेलं यंत्र असेल तर तो हात बाजूला झुलू नये म्हणून वाहतुकीची पिन असते, ती बसवा आणि शिवाय बांधा. वळणावर बाहेर आलेला तो हात शेजारच्या गाडीत जातो.

साखळ्या आवळायचा माझा क्रम असा. पुढची जोडी बाइंडरशिवाय, ढील कमीत कमी राहील अशी अडकवतो. ट्रॅक्टर इंचभर मागे घेतो, त्या ताठ होतात, हँडब्रेक लावतो. मग मागची जोडी बाइंडरने आवळतो, डावी-उजवी आळीपाळीने, नाहीतर ट्रॅक्टर तिरका ओढला जातो. शेवटी पुढच्या जोडीलाही बाइंडर. किती आवळायचं? टायर थोडे बसलेले दिसावेत आणि साखळी हाताने हलू नये, एवढं. टायर पार चेपेपर्यंत आवळून अ‍ॅक्सलच्या बेअरिंगला त्रास देण्यात अर्थ नाही.

बाइंडर रॅचेटचा घ्या. झटक्याने बंद होणारा लिव्हरचा बाइंडर स्वस्त आणि झटपट असतो, पण त्याच्या दांडीत सगळा ताण साठलेला राहतो, आणि उघडताना ती हनुवटीवर येते. जवळ तोच असेल तर दांडीला पाइप घालून लांबी वाढवू नका, बंद केल्यावर ती साखळीलाच तारेने बांधून टाका. साखळीचा उरलेला लोंबता भागही गुंडाळून बांधा.

निघण्याआधी बॉनेटची कडी, सीट, छत्री, टूलबॉक्सचं झाकण, सायलेन्सरची टोपी बघून घ्या. शेतात ताशी १० किलोमीटरला न हलणारं छत ८० च्या वाऱ्यात उखडतं. छत काढूनच ठेवलेलं बरं. ट्रेलरच्या जोडणीच्या सुरक्षा साखळ्या खालून एकमेकींना छेद देऊन अडकवा. जोडणी सुटली तर ट्रेलरची दांडी रस्त्यावर न पडता त्या झोळीत पडते. दिवे, टायरची हवा, चाकांचे नट.

आणि मग लवकरच थांबा. अमेरिकी नियमांत पहिल्या ८० किलोमीटरच्या आत एकदा आणि पुढे दर २४० किलोमीटर किंवा तीन तासांनी माल तपासायला सांगितलंय. ते ट्रकसाठी. रबरी चाकांवरच्या हलक्या यंत्राला मी पहिल्या १०-१५ किलोमीटरवरच थांबतो, कारण टायर बसतात, साखळीच्या कड्या एकमेकींत सरळ होतात, आणि चारांपैकी एक तरी साखळी हमखास सैल निघते. खराब रस्ता लागून गेला की पुन्हा. थांबल्यावर ट्रेलरच्या चाकांच्या तुंब्यालाही हात जवळ नेऊन बघा. एक बाकीच्यांपेक्षा फार गरम असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक धरतोय.

हातट्रॅक्टर किंवा हाताने ढकलायची गवत कापणारी यंत्रं सोबत असतील तर त्यांना हॅंडलवरून बांधू नका, हॅंडल वाकतं. चौकटीला किंवा अ‍ॅक्सलला बांधा, चाकांना उट्या ठोका आणि पेट्रोलचा कॉक बंद करा. उभी राहून डोलणारी यंत्रं ट्रॅक्टरच्या चाकाला टेकवून ठेवायची सवय असते, ती सोडा. प्रत्येक वस्तू ट्रेलरला बांधायची, दुसऱ्या वस्तूला नाही.

उतरवताना क्रम उलटा, पण एक गोष्ट आधी: ट्रेलर सपाट जागी आहे का ते बघा आणि मागच्या टेकण्या लावा, मगच पहिल्या बाइंडरला हात घाला. प्रवासात ट्रॅक्टर सरकला असेल तर एखादी साखळी बाकीच्यांपेक्षा जास्त ताणलेली असते. ती ओळखा, आणि दांडीच्या रेषेत उभं न राहता बाजूला उभं राहून तिचा ताण रॅचेटने हळूहळू सोडा. चारही साखळ्या फळीवरून पूर्ण बाजूला होईपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही. ड्रॉबारला अडकलेली एक साखळी राहून गेली, तर ट्रॅक्टर रॅम्पच्या माथ्यावर, सगळ्यात वाईट जागी, हिसका खाऊन थांबतो.